अलेक्झांडरला विष दिलं? मला तरी ही वारसांच्या भांडणातली वावडी वाटते

शिळाप्रेस (धागाकर्ता)

अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ च्या जूनमध्ये बॅबिलोनला वारला, वय ३२. इथवर सगळ्यांचं एकमत, पुढे बोंबाबोंब. अधूनमधून कुणीतरी नवा रोग नाहीतर नवं विष शोधून काढतं, त्याची बातमी होते आणि कुठल्यातरी भलत्याच धाग्यावर कुणीतरी "बघा, शेवटी मारलंच त्याला" असं टाकून जातं. म्हणून एकदाचा हा स्वतंत्र धागा.

आधी गोष्ट काय आहे ती. मायदेश मॅसेडोनिया सांभाळायला मागे ठेवलेला म्हातारा सेनानी अँटिपेटर. त्याला हटवून क्रेटेरस या दुसऱ्या सेनानीला तिथे पाठवायचं ठरलं होतं आणि त्याला बॅबिलोनला हजर व्हायचा हुकूम होता. तो आलाच नाही, त्याने मुलगा कॅसँडर याला पाठवलं. दुसरा मुलगा आयोलास राजाचा प्याला भरायच्या कामावर. एकाने विष आणलं, दुसऱ्याने पाजलं. विष कसलं, तर स्टिक्सचं, म्हणजे ग्रीक पुराणातल्या पाताळनदीचं पाणी. ते म्हणे इतकं थंडगार आणि जहाल की कुठल्याच भांड्यात टिकत नाही, गाढवाच्या खुरातून आणावं लागतं. वर मसाला म्हणून ॲरिस्टॉटललाही कटात ओढलंय, कारण त्याचा नातलग कॅलिस्थेनीस अलेक्झांडरच्या कैदेत संपला होता.

आता अलेक्झांडरचा ग्रीक चरित्रकार प्लूटार्क काय सांगतो ते बघा. मृत्यूच्या वेळी विषाचा संशय कुणालाच आला नव्हता. आला तो पाच-सहा वर्षांनी. आणि तेव्हा काय चाललं होतं? अलेक्झांडरची आई ऑलिंपियास आणि हाच कॅसँडर मॅसेडोनियाच्या गादीवरून एकमेकांच्या उरावर बसले होते. आयोलास तोवर मेलेला, तर बाईंनी त्याच्या अस्थी उधळून लावल्या. म्हणजे आरोप नेमका कधी जन्मला, तर आरोपीचं घराणं बदनाम करायची गरज पडली तेव्हा. अलेक्झांडरच्या मोहिमांचा इतिहास लिहिणारा एरियनही विषाच्या कहाण्या देतो, पण जवळजवळ हात झटकतच: मला ठाऊक नाहीत असं कुणाला वाटू नये म्हणून देतोय, विश्वास बसतो म्हणून नाही.

याउलट राजाच्या दरबारी रोजनिशीतला उतारा वाचा, कसा रटाळ आहे. मिडियस या मित्राकडे प्यायला, अंघोळ केली, झोपला, ताप आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंघोळ, मिडियसबरोबर फासे खेळत बसला. संध्याकाळी पूजा, रात्री ताप. मग आरमारप्रमुख नीआर्कसला बोलावून अरबस्तानाच्या मोहिमेच्या सूचना, कारण आरमार निघायला चारच दिवस उरलेले. ताप चढतोच आहे आणि हा गडी रोज अंघोळ करून देवाला नैवेद्य दाखवतोय! शेवटी वाचा गेली. सैनिक रांगेने समोरून गेले तेव्हा मान जराशी उचलून डोळ्यांनीच प्रत्येकाला ओळख दिली. रचलेल्या गोष्टीला इतकं कंटाळवाणं व्हायचं धाडस नसतं.

कोर्टकचेरी

वा! म्हणजे दस्तऐवज कंटाळवाणा आहे म्हणून खरा? आमच्याकडे रोज असे कंटाळवाणे पंचनामे येतात हो, शब्द न शब्द ठोकून बसवलेले.

त्या रोजनिशीतलीच एक नोंद तुम्ही सोयीस्कर गाळलीत. राजा अत्यवस्थ असताना पेथॉन, सेल्युकस वगैरे सेनानी मंडळी सेरापिसच्या देवळात झोपायला गेली, देवाला विचारायला, की राजाला इथे आणू का. देवाने सांगितलं, आहे तिथेच राहू दे. बरोबर? आता सेरापिस हा देव इजिप्तमध्ये नावारूपाला आणला टॉलेमीने, म्हणजे पुढे इजिप्तचा राजा झालेल्या अलेक्झांडरच्या सेनानीने, तोही अलेक्झांडर गेल्यावर. ३२३ साली बॅबिलोनमध्ये त्याचं देऊळ कुठून आलं? जुन्या तारखेच्या खरेदीखतात नंतर पडलेल्या तालुक्याचं नाव निघावं तसं आहे हे. असा कागद मी तरी पुरावा म्हणून वाचायला घेणार नाही.

हेतू, साधन, संधी, तिन्ही एका घरात आहेत. अँटिपेटरची नोकरी जाणार होती, आणि अलेक्झांडरने 'बोलावलेल्या' माणसांचं काय व्हायचं हे त्याला पक्कं माहीत होतं. पार्मेनियनसारख्या जुन्या सेनापतीला ३३० मध्ये घरबसल्या मारून टाकलं होतं. कॅसँडर बॅबिलोनला आल्याआल्या इराणी लोकांचे लोटांगणी मुजरे बघून हसला, तर राजाने त्याचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. हेही तुमच्या प्लूटार्कमध्येच आहे. पुढे खूप वर्षांनी डेल्फीत अलेक्झांडरचा पुतळा दिसल्यावर कॅसँडरला कापरं भरलं म्हणे. आणि पुढे त्याने काय केलं? ऑलिंपियासला मारवलं, ३१० च्या आसपास अलेक्झांडरची बायको रॉक्सॅना आणि अलेक्झांडरचा पोरगा दोघांचाही काटा काढला. हा माणूस विष द्यायला कचरला असेल?

ओपीडी नंबर चार

दोघेही वकिली करताय. जरा रुग्णाकडे बघू.

पहिली गोष्ट, दहा-बारा दिवस चढत्या क्रमाने ताप. त्या काळी हाताशी असलेली विषं अशी वागत नाहीत. २०१४ मध्ये न्यूझीलंडच्या विषतज्ज्ञांनी पांढऱ्या हेलेबोर या विषारी वनस्पतीचं नाव पुढे केलं होतं, त्यात माणूस बरेच दिवस रेंगाळू शकतो हा त्यांचा मुद्दा. पण त्यात मुख्य लक्षणं म्हणजे उलट्या, मंदावलेली नाडी, स्नायूंचा अशक्तपणा. ताप हे त्या विषाचं लक्षण नव्हे, आणि रोजनिशीत तर दुसरं काही नाहीच, पानोपानी ताप.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १९९८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये टायफॉइडचं निदान आलं. टायफॉइडने आतड्याला भोक पडलं, म्हणून पोटात कळ. छान. पण ही कळ कुठून आली? रोजनिशीत ती नाही. प्याला रिचवताच एकदम किंचाळला, भाला घुसल्यासारखी वेदना झाली, हे सगळं दुसऱ्या परंपरेतलं, म्हणजे विषवाल्यांच्या बाजूचं. प्लूटार्क तर मुद्दाम सांगतो की असं काही झालं नाही, नाटकाचा शेवट दणदणीत व्हावा म्हणून लोकांनी ते घातलं. म्हणजे ताप एका कागदावरून घ्यायचा, कळ दुसऱ्यावरून, आणि दोन्ही कागद एकमेकांना खोटं म्हणतायत! अशी केस पेपरवर केस पेपर चिकटवून निदानं झाली आहेत. वेस्ट नाइल विषाणू, शरीर लुळं पाडणारा गिलां-बारे आजार, सगळ्यांची थोडीफार तीच गत.

माझं मत मलेरिया. मरणाच्या थोडंच आधी तो युफ्रेटीसच्या दलदलीत होडीने फिरत होता. तिथे वाऱ्याने त्याचा राजपट्टा उडून लव्हाळ्यात अडकला आणि एका खलाशाने पोहत जाऊन आणला. सगळे तो अपशकुन मानतात. मला त्यात डास दिसतात.

मुळामुठा

आणि मुलतानजवळच्या वेढ्यात छातीत घुसलेला बाण? तो विसरले का सगळे? फुफ्फुसाला इजा झाली असणार. म्हणजे मारलं आपल्याच मातीने, फक्त दोन-तीन वर्षं उशिरा. पोरसचं तर मी बोलतच नाही.

ओपीडी नंबर चार

बाण लागला ३२६-२५ च्या हिवाळ्यात. त्यानंतर तो माणूस गेद्रोसियाचं वाळवंट चालत गेला, सूसाला लग्नं लावली, डोंगरातल्या कोसियन टोळ्यांवर चालून गेला. प्रकृती खालावली असेल हे मान्य. पण त्या बाणाला खुनी ठरवायचं म्हणजे फार झालं. पोरसबद्दल बोलत नाही म्हणालात, आभारी आहे.

शिळाप्रेस

सेरापिसबद्दल: ग्रीक लेखक परक्या देवाला ओळखीचं नाव चिकटवत आलेत. बॅबिलोनचा मुख्य देव मार्दुक, त्याला झ्यूस म्हणायचं आणि पुढे जायचं. नंतरच्या कुणी नक्कल करताना मूळ देवाच्या जागी सेरापिस लिहिलं असेल. एका नावाने अख्खी वही खोटी ठरत नाही.

आणि कॅसँडरने पुढे पोर मारलं म्हणून आधी बापही मारला असणार, हे कुठलं कलम? आपल्याकडे १६८० मध्ये महाराज गेल्यावर सोयराबाईंवरही विषाचा आळ आलाच होता. वारसा लढवायचा असला की असले आळ घेतले जातात.

भटक्या विठोबा

इतकी भांडाभांडी कशाला, मुडदा काढा ना बाहेर! हाडं-दात मिळाले तर मलेरियाचा अंशही सापडू शकतो. तुतनखामेनच्या बाबतीत केलंच की ते.

अडचण एवढीच की मुडदा हरवला. आणि खरं गूढ मला हे वाटतं, तुमचं विष नव्हे. मुडदा न्यायला दोन वर्षं खपून सोन्याचा रथ केला, ओढायला ६४ खेचरं. निघाला मॅसेडोनियाकडे, वाटेत सीरियात टॉलेमीने पळवला. आधी इजिप्तमधलं मेम्फिस, मग अलेक्झांड्रिया. सोन्याची पेटी पुढे त्याच्याच घराण्यातल्या कुणा टॉलेमीने वितळवून खाल्ली, तिच्या जागी काचेची आली. इ.स.पू. ३० मध्ये पुढे रोमन सम्राट झालेला ऑगस्टस दर्शनाला आला. टॉलेमी राजांची थडगी बघायची का विचारलं तर म्हणाला, मला राजा बघायचा होता, प्रेतं नाहीत. रोमन इतिहासकार डिओ कॅसियस सांगतो की हाताळताना त्याने नाकाचा तुकडाच पाडला. सम्राट कॅलिगुलाने चिलखत पळवलं. इ.स. २१५ मध्ये सम्राट कॅराकॅला येऊन गेला, आणि त्यानंतर कुणीही 'मी बघितलं' असं लिहून ठेवलेलं नाही. ४०० च्या सुमारास ख्रिस्ती धर्मगुरू क्रिसोस्टम भर प्रवचनात विचारतो, कुठे आहे सांगा अलेक्झांडरचं थडगं? म्हणजे तोवर लोक विसरलेही होते.

पाचशे वर्षं भर शहरात मांडलेली वस्तू दोनशे वर्षांत गायब होते कशी? ३६५ ची सुनामी म्हणा, दंगली म्हणा. इजिप्तच्या वाळवंटातल्या सिवाला सापडलं, अलेक्झांड्रियातल्या नबी दानियाल मशिदीखाली आहे, व्हेनिसमध्ये सेंट मार्क म्हणून पुजतात तोच हा, सगळं ऐकून झालंय. १९९५ ची सिवाची आरोळी तर ग्रीक सरकारच्याच तज्ज्ञांनी जाऊन मोडीत काढली. जुनं अलेक्झांड्रिया आजच्या शहराखाली गाडलंय, भूजल वर आहे, आणि वर माणसं राहतायत. कुणाच्या दिवाणखान्यात खणणार?

मुळामुठा

व्हेनिसचं एकदा तपासून तरी बघायला काय हरकत आहे? ८२८ मध्ये व्यापाऱ्यांनी अलेक्झांड्रियातूनच नेला ना तो देह?

भटक्या विठोबा

नेला, पण तो मार्कचाच म्हणून नेला. दोघं एका गावचे एवढ्या पुराव्यावर संताचं थडगं फोडायला चर्चने परवानगी द्यावी, असं तुम्हाला वाटतं?

कोर्टकचेरी

विठोबांनी माझंच काम केलं. मघाशी मी अँटिपेटरच्या घरावर होतो, आता दुसरं नाव पुढे करतो. टॉलेमी. बॅबिलोनला तो हजर होता. राजाच्या अंगरक्षकांपैकी एक. नंतर त्यानेच इतिहास लिहिला आणि तुमचा एरियन सगळ्यात जास्त विसंबतो तो त्याच्यावर. शिवाय प्रेतही त्यानेच पळवलं. साक्षीदार, पंचनामा लिहिणारा आणि मुद्देमाल घेऊन जाणारा, तिघेही एकच. रोजनिशीत टॉलेमीचा लाडका देव कसा आला ते आता तुम्हीच सांगा.

आणि शिळाप्रेस, सैनिक समोरून गेले हा प्रसंग तुम्ही फार हळवा करून सांगितलात. ते आत का घुसले ते नाही सांगितलंत. एरियन म्हणतो, राजा आधीच मेलाय आणि अंगरक्षक लपवतायत असा काहींना संशय होता. म्हणजे 'त्या वेळी संशय कुणालाच आला नाही' हे खरं नाही.

शिळाप्रेस

संशय मृत्यू लपवल्याचा होता, घडवल्याचा नव्हता. वकीलसाहेब, हा फरक तुम्ही मला शिकवायचा की मी तुम्हाला?

विषाच्या आरोपाचं एक पत्रकच पुढे अलेक्झांडरच्या अद्भुत कथेत शिरून शिल्लक राहिलंय. त्यात मेजवानीच्या पाहुण्यांची यादी आहे. कटात कोण होते आणि कोण नव्हते तेही नावानिशी. निर्दोष कोण? पेर्डिकास, टॉलेमी, युमेनीस आणि आणखी दोन-चार बडे अधिकारी. म्हणजे लिहिणाऱ्याला ज्यांच्याशी वाकडं घ्यायचं नव्हतं ते. तुमच्या फिर्यादीचा मूळ कागदच टॉलेमीला सोडून देतो, आणि तुम्ही त्यालाच पकडताय. एक आरोपी ठरवा आधी.

आणि मुद्देमाल म्हणालात तो त्याने लपवला कुठे? मॅसेडोनियन रिवाजाप्रमाणे दहन करून मोकळा झाला असता, अलेक्झांडरच्या बापाचं, फिलिपचं झालंच होतं. याने तर देह इजिप्शियन पद्धतीने टिकवलेला ठेवला आणि त्याच्या पोराने तो राजधानीत आणून मांडला, राजे-सम्राट येऊन बघून जातील असा. पुरावा नष्ट करायची ही कुठली पद्धत?

कोर्टकचेरी

इ.स.पू. चौथ्या शतकात शवविच्छेदन नव्हतं हो. प्रेत मांडून ठेवण्यात धोका काय होता?

ओपीडी नंबर चार

धोका नव्हता आणि उपयोगही नव्हता. सहा-सात दिवस बॅबिलोनच्या उन्हाळ्यात प्रेत तसंच पडून होतं, तरी सडलं नाही, असं प्लूटार्क आणि रोमन इतिहासकार कर्टियस दोघेही सांगतात. प्लूटार्क त्यावरून म्हणतो, विष नव्हतं. विषवाले उलट त्यालाच विषाची खूण म्हणतील. २०१८ मध्ये गिलां-बारेवाल्या बाई म्हणाल्या, तेव्हा तो जिवंतच होता, नुसता लुळा पडला होता. एकाच न सडलेल्या प्रेतावर तीन निकाल.

त्या काळचा एकच कागद आहे ज्याला कुणाचीच बाजू नाही. बॅबिलोनच्या ज्योतिषांची मातीची पाटी, आता ब्रिटिश म्युझियममध्ये. ग्रहतारे, धान्याचे भाव, नदीची पातळी असल्या नोंदींमध्ये त्या दिवसाखाली लिहिलंय: राजा वारला. पुढे: ढग.

कोर्टकचेरी

म्हणजे मृत्यूचं कारण नाही. माझी हरकत कायम.