मदत हवी आहे: स्ट्रॅटसाठी जुन्या धाटणीचे पिकअप, पण साध्या जी तारेचं काय करायचं?

मंडळी, माझ्या स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारचे तिन्ही पिकअप, म्हणजे तारांची कंपनं पकडणारे चुंबक-कॉइलचे भाग, बदलायचे आहेत. आत्ताचे सिरॅमिकचे आहेत, म्हणजे पोल (प्रत्येक तारेखालचे खुंटे) नुसते लोखंडी आणि खाली चुंबकाची पट्टी चिकटवलेली. मी ऑर्केस्ट्रात जुनी गाणी वाजवतो, आवाज जवळजवळ पूर्ण क्लीन, आणि तिथे ब्रिजचा (तारा खाली जिथे टेकतात त्या बाजूचा) पिकअप कानाला टोचतो. व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे पॉट २५० के चेच आहेत. पिकअप खाली घेऊन पाहिले. टोन कमी केला की टोचणं जातं, पण तारेचा जीवही जातो.

मला हवाय तो पन्नासच्या दशकातला आवाज: तार छेडताच ठसका आणि मागे लांबणारी स्वच्छ आस. त्यासाठी अल्निको ५ या चुंबकी मिश्रधातूचे पोल, कॉइलला ४२ गेजची वायर आणि साधारण ६ किलोओहम रोध, इथपर्यंत माझं ठरलंय. गाडी अडलीय ती पोलच्या उंचीवर.

१९५४ साली स्ट्रॅट आली तेव्हा जी तार गुंडाळलेली (गाभ्यावर बारीक तार वळलेली) असायची. गुंडाळलेल्या तारेत पिकअपला मुख्यतः आतला बारीक गाभाच जाणवतो, म्हणून जीचा पोल उंच ठेवला आणि बीचा खाली. मी १०-४६ चा (०.०१० ते ०.०४६ इंच जाडीच्या तारांचा) सेट लावतो, त्यात जी साधी, म्हणजे न गुंडाळलेली, १७ ची. मित्राच्या गिटारवर असे उंचसखल पोल आहेत. त्यावर कॉर्ड वाजवली की जी सगळ्यांच्या पुढे येते आणि बी मागे पडते. बरं, पोल दाबून खाली बसवायचीही सोय नाही. जुन्या पद्धतीत वायर थेट चुंबकांवरच गुंडाळलेली असते, पोल हलला तर कॉइल तुटते.

म्हणून सेमोर डंकन कंपनीचे एसएसएल-१ आणि एसएसएल-२ या दोघांत अडकलोय. पहिल्याचे पोल उंचसखल, दुसऱ्याचे सपाट. माझ्या फ्रेटबोर्डची गोलाई ९.५ इंच आहे. सपाट पोल घेतले तर दोन्ही कडेच्या ई तारा जोरात आणि मधल्या दबलेल्या वाटतात का?

मधला पिकअप उलट गुंडाळलेला, उलट ध्रुवाचाच घेणार. जुन्या स्ट्रॅटमध्ये तसं नव्हतं हे मान्य, पण हॉलमध्ये दिव्यांचे डिमर चालू झाले की सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा पिकअप) अशी गुणगुणते की दोन गाण्यांच्या मधे व्हॉल्यूम बंदच करावा लागतो. स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला, जिथे मधला आणि कडेचा पिकअप एकत्र वाजतात, दोघांची गुणगुण एकमेकांना मारून तरी शांतता मिळेल.

साधी जी लावून हे दोन्ही क्लीन आवाजात वाजवलेलं कुणी असेल तर जी-बीचा तोल कसा वाटला ते नक्की सांगा. आणि एसएसएल-१ जीच्या बाजूने थोडा खाली घेऊन भागतं का, की मग वरची ई पण बसते?