मदत हवी आहे: लंडन कमी खर्चात कसं फिरायचं?

नमस्कार मंडळी, मे महिन्यात आईबाबांना घेऊन लंडनला जायचंय, बजेट टाईट आहे पण टूरवाल्यांच्या मागे पळण्यापेक्षा तिथली माणसं फिरतात तसं निवांत फिरायची खूप इच्छा आहे. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी फुकट आहेत, ट्यूबपेक्षा (तिथली मेट्रो) बस स्वस्त, आणि एकदा कार्ड टॅप केलं की तासाभरात दुसरी बस पकडली तर परत पैसे कापत नाहीत, एवढं कळलंय. पण एका कार्डावर तिघं जाऊ शकत नाही, प्रत्येकाला वेगळं लागतं, मग दोघांना इथूनच फॉरेक्स कार्ड काढून देऊ का तिथे ऑयस्टर (बस-ट्यूबसाठीचं तिथलं कार्ड) घेऊ?

राहायला वेम्बली बरं पडेल का हॅरो? किचन हवंच, बाबांना रात्री वरणभात लागतो, आणि तूरडाळ, हिंग जवळ मिळालं तर बाहेरच्या जेवणाचा खर्च निम्मा वाचेल.

सगळ्यात महत्त्वाचं, किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर. १९२१-२२ मध्ये ते तिथे राहायचे, बाबांना ते बघायचंच आहे, बाकी काही राहिलं तरी चालेल म्हणतात. आईचे गुडघे दुखतात, तर बस स्टॉपपासून चढ किती आहे, कोणी गेलंय का? प्लीज सांगा.