मदत हवी आहे : पालांवरच्या दवाखान्यासाठी औषधे कुठून मिळवावीत?

पंचगंगाकाठ : करवीर तालुक्यात ऊसतोड मजुरांच्या पालांवर आम्ही दर रविवारी संध्याकाळी मोफत दवाखाना चालवतो. औषधांचा खर्च उचलणाऱ्या दात्यांनी यंदा हात आखडता घेतला आहे आणि गळीत हंगाम तोंडावर आला आहे. एका कंपनीकडे सीएसआर (कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा) निधी मागितला, तर त्यांनी कागदपत्रांची भली मोठी यादी पाठवली. कृपया लवकर मार्ग सुचवावा.

कागदी घोडा : संस्था नोंदणीकृत आहे का, हेच आपण लिहिलेले नाही. असा निधी घेणाऱ्या संस्थेला आयकर खात्याची १२ए व ८०जी नोंदणी लागते आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांकही बंधनकारक आहे.

मंगळवारपेठी : त्यापेक्षा सर्वांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत घ्या, म्हणजे प्रश्नच मिटेल. माझ्या मामांची अँजिओप्लास्टी तिच्यातूनच झाली.

कागदी घोडा : पालावर अँजिओप्लास्टी करायची आहे, असे कोणी म्हटले? ती योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे; रोजच्या गोळ्या तिच्यातून मिळत नाहीत.

खलबत्ता : औषधे कोणती आणि ती लिहून कोण देते? घरोघरच्या उरलेल्या गोळ्या गोळा करत असाल, तर ते आधी थांबवा. पट्टीचे मुदत छापलेले टोक बहुधा आधीच कापले गेलेले असते आणि हाती येतात त्या बिननावाच्या चार गोळ्या. विकतच घ्यायच्या तर जनऔषधी केंद्रातून घ्या.

पंचगंगाकाठ : नोंदणी नाही, आम्ही मित्रमंडळीच आहोत. एमबीबीएस डॉक्टर स्वतः तपासतात. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन यांचीच चणचण आहे.

निवृत्त आरोग्यसेविका : मग निधीच्या मागे कशाला लागता? या दोन्ही गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

पंचगंगाकाठ : मजूर पहाटे अंधारात फडात जातात आणि ट्रॉली भरून परततात, तोवर ओपीडी बंद झालेली असते. हजेरी बुडवून कोण जाईल?

मंगळवारपेठी : दातांचेही शिबिर घ्या, मिश्रीने फार नुकसान होते.

निवृत्त आरोग्यसेविका : मजुरांनी नव्हे, आपण जायचे आहे. नाव, वय, मूळ गाव आणि रक्तदाब व साखरेच्या नोंदी असलेली यादी जोडून वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र द्या, संध्याकाळी पालावरच रक्तदाब, मधुमेह अशा असंसर्गजन्य रोगांची तपासणी ठेवण्याची विनंती करा आणि महिनाभराच्या गोळ्या एकदम मागा. मुकादमाला आधी सांगून ठेवा, नाहीतर माणसे जमत नाहीत.

खलबत्ता : केंद्रात साठा असेल, तर हे सगळे.

पंचगंगाकाठ : दातांचे नंतर पाहू. पत्र थेट जिल्हा परिषदेत द्यावे का?

निवृत्त आरोग्यसेविका : आधी केंद्रात द्या, प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि दोन्हीकडे आवक क्रमांक घ्या.