1/16 टी-34/85 चं पहिलंच मोठं किट: हल वाकलाय, टरेट गुळगुळीत आहे, सुरुवात कुठून करू?

रणगाडा_वेडा

नमस्कार मंडळी, मी गेली सहा-सात वर्षं 1/35 स्केलचे (म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढे) प्लास्टिकचे मॉडेल रणगाडे बनवतोय, दहा-बारा तरी झाले असतील, पण 1/16 ला हात लावायची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या महायुद्धातला सोव्हिएत टी-34/85 घेतलाय. बॉक्स उघडला तर नुसत्या खालच्या हलचीच (रणगाड्याच्या धडाची) लांबी 38 सेंटीमीटरच्या आसपास, तोफेची नळी धरली तर पूर्ण झाल्यावर पन्नास सेंटीमीटर सहज होणार. चाक हातात घेतलं तर 52 मिमी, म्हणजे 1/35 मधल्या चाकाच्या दुपटीहून मोठं. खूप आनंद झाला आणि मग लगेच टेन्शन आलं.

अडचणी सांगतो. एक, वरचा हल थोडा पिळलेला आहे, पुढून नीट बसतो पण मागे डाव्या बाजूला जवळजवळ 2 मिमीची फट राहते, दाबून धरलं की बसते, सोडलं की परत उघडते. दोन, टरेट (तोफेचा फिरता घुमट) अगदी साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत आहे, 1/35 मध्ये मला हे कधी खटकलं नाही पण इथे एवढा मोठा पृष्ठभाग रिकामा दिसतोय. तीन, ट्रॅकच्या कड्या एकेका बाजूला 72 म्हणजे एकूण 144 आणि प्रत्येकीला कापल्याच्या खुणा घासायच्या आहेत, मेटलचे ट्रॅक घ्यावेत का? आणि चौथं म्हणजे फोटो-एचचा (पातळ धातूच्या कोरीव पार्टचा) सेट, लेथवर टर्न केलेली अॅल्युमिनियमची नळी, आतल्या इंजिनचा सेट असं बरंच काही मिळतं, त्यातलं नक्की काय घ्यावं, की आधी जे आहे तेच नीट करावं? घाई नाही, वर्ष लागलं तरी चालेल, पण हे मॉडेल मनापासून चांगलं करायचंय.

कानस_आणि_चिमटा

आधी अभिनंदन, योग्य रणगाडा निवडलाय. चौथ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण बाकी सगळं त्यावर आहे. सध्या काहीही विकत घेऊ नका. मी माझ्या पहिल्या 1/16 ला तीन सेट आधीच आणून ठेवले होते आणि त्यातले बरेच पार्ट किटचे जाड काठ लपवण्यातच गेले, जे काम ब्लेडने फुकटात झालं असतं.

मोठ्या स्केलचं गणित डोक्यात पक्कं बसवा, 1 मिमी म्हणजे खऱ्यात 16 मिमी. किटचे फेंडर (ट्रॅकवरचे पत्रे) बघा, काठाला 1 मिमी जाड असतील तर ते खऱ्यात 16 मिमीच्या प्लेटचे झाले, आणि खरा फेंडर साध्या पत्र्याचा असतो, लाथ मारली तर वाकेल असा. हलची प्लेट मात्र 45 मिमीची, म्हणजे स्केलमध्ये 2.8 मिमी, ती जाडच दिसली पाहिजे. मग करायचं एवढंच, फेंडरच्या काठाला खालच्या बाजूने ब्लेड तिरपं धरून खरवडत जायचं, वरून हात लावायचा नाही, फक्त काठ पातळ झाला की डोळ्याला अख्खा पत्राच पातळ वाटतो. मी एका फेंडरला दोन संध्याकाळी देतो. एका कोपऱ्यात हलकासा पोचा आणि थोडी वाकलेली कड दिली की तो फेंडर एकदम जिवंत होतो.

आता वाकलेला हल. नुसता ग्लू लावून रबरबँड बांधला तर महिन्याभरात सांधा उकलतो कारण प्लास्टिक सतत ओढत असतं, माझ्याकडे तसं झालेलं आहे, रंगकाम पूर्ण झाल्यावर. त्यापेक्षा 2 मिमीच्या प्लास्टिक शीटचे दोन-तीन आडवे तुकडे कापा, खालच्या हलच्या आतल्या रुंदीचे, अगदी मापात, आणि ते आत भिंतीसारखे उभे चिकटवा म्हणजे खालचा हल आधी ताठ होईल. मग सांध्याला आतून छोटे छोटे ठोकळे लावा ज्यावर वरचा हल टेकेल. आणि एकदम सगळं चिकटवायचं नाही, पुढून सुरुवात करून पाच पाच सेंटीमीटर चिकटवत मागे यायचं, प्रत्येक टप्प्याला क्लॅम्प लावून रात्रभर ठेवायचं. गरम पाण्यात बुडवून सरळ करा असं कुणी सांगेल, छोट्या पार्टला ठीक आहे पण एवढ्या मोठ्या पार्टला एक बाजू सरळ होते आणि दुसरी वाकते.

राहिलेली फट सुपरग्लूने भरणार असाल तर त्याच दिवशी घासून टाका. दुसऱ्या दिवशी तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि पॉलिश पेपर फिरवला की आजूबाजूचं प्लास्टिक खाली जातं, मधे सुपरग्लूची टेकडी उभी राहते.

ओतकाम_30वर्षे

मी मॉडेल फार बनवत नाही, दोनच केलेत, पण आयुष्य फाउंड्रीत गेलं म्हणून टरेटबद्दल बोलतो, बाकीचं ह्या लोकांना जास्त कळतं.

टी-34/85 चं टरेट वाळूच्या साच्यात ओतलेलं आहे. ओतीव पोलाद कधीच गुळगुळीत निघत नाही, वाळूचा दाणा त्यावर उठतो, कुठे खड्डा राहतो, कुठे साचा जरा खचला तर फुगवटा येतो, आणि धातू ओतायच्या वाटा नंतर कापून टाकतात तिथे चट्टा राहतो. शांततेच्या काळात हे घासून साफ करतात, युद्धात कुणाला वेळ होता, चाललं तर चाललं. साच्याचे भाग जिथे जुळतात ती जोडाची रेघ टरेटच्या बाजूने गेलेली फोटोत स्पष्ट दिसते. इथे मॉडेलवाल्यांची एक चूक होते असं मी बघितलंय, सवयीने सगळ्या रेघा घासून टाकतात. किटच्या साच्याची रेघ घासायची, खऱ्या रणगाड्याच्या साच्याची रेघ ठेवायची, आणि किटमध्ये नसेल तर करायची. ह्या दोन्हीतला फरक आधी फोटो बघून समजून घ्या आणि पेन्सिलने टरेटवर खुणा करा, मगच पॉलिश पेपर हातात घ्या.

दुसरं, सगळीकडे रवाळपणा आणू नका. टरेटचं छप्पर वेगळं आहे, ती रोल केलेली प्लेट वर वेल्ड केलेली आहे, ती सपाट आणि बरीच गुळगुळीत. हलच्या प्लेटाही रोल केलेल्या. म्हणजे ओतीव पोत फक्त टरेटच्या बाजूंना, तोफेच्या मुखवट्याला (नळीच्या मुळाशी असलेल्या ढालीला) आणि छपरावरच्या व्हेंटिलेटरच्या टोपणांना. हा फरक दिसला की बघणाऱ्याला कारण कळलं नाही तरी वस्तू लोखंडाची वाटते. गॅसने कापलेल्या प्लेटच्या कडेला बारीक उभ्या रेघा पडतात, त्या तुम्ही करवतीच्या पात्याची धार कडेवर हलकी फिरवून सहज करू शकाल.

वेल्डिंगचं पण सांगतो. निझ्नी तागीलच्या 183 नंबर कारखान्यात येवगेनी पातोन यांच्या संस्थेने फ्लक्सच्या भुकटीखालचं ऑटोमॅटिक वेल्डिंग आणलं होतं, त्यामुळे हलच्या लांब सांध्यांची वेल्ड बरीच सरळ आणि एकसारखी असायची. हातानं केलेली वेल्ड म्हणजे हँडल, हुक, कंस असल्या छोट्या गोष्टींची, ती ओबडधोबड, कुठे जास्त माल कुठे कमी. सगळ्या वेल्ड एकाच साच्यातून काढल्यासारख्या केल्या तर आमच्यासारख्याला लगेच कळतं.

कानस_आणि_चिमटा

काकांनी जे सांगितलं ते कुठल्याच सूचनापत्रकात मिळत नाही, मी स्वतः त्यांचं वाचून माझ्या जुन्या मॉडेलचं छप्पर बघून आलो, तिथे मी रवाळपणा देऊन ठेवलाय.

करायचं कसं ते लिहितो. मिस्टर सरफेसर 500 (मॉडेलचा दाट प्रायमर) बाटलीत खाली बसतो तो घट्ट भाग घ्या, जुन्या ब्रशचे केस 4-5 मिमी ठेवून कापून टाका, आणि ब्रश उभा धरून टोचत जा, ओढायचं नाही. एका वेळी तळहाताच्या निम्म्याएवढाच भाग, कारण तो पटकन ओढला जातो. पहिला थर दिल्यावर फार भयानक दिसेल, घाबरू नका, एक दिवस वाळू द्या आणि मग 400 चा पॉलिश पेपर ओला करून नुसता वरून फिरवा म्हणजे टोकं बसतात आणि खोलगट भाग राहतो. मग ठिकठिकाणी दुसरा थर. आधी एखाद्या टाकाऊ पार्टवर करून बघा, आणि खिडकी उघडी ठेवून मास्क घालूनच करा, त्याचा वास डोक्यात जातो.

वेल्डसाठी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी मळून काचेवर ओल्या बोटाने 1 मिमीचा धागा लाटा, सांध्यात ठेवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग इंजेक्शनच्या सुईचं टोक गोल घासून त्याने एकाला एक लागून ठसे मारत जा. सुई दर दोन-तीन ठशांनी पाण्यात बुडवायची नाहीतर पुट्टी उचलून येते. लांब सांध्याला ठसे जवळजवळ आणि हलके, हँडलपाशी वेडेवाकडे.

कडी_न_कडी

ट्रॅकवर मी बोलतो, माझा जीव त्यातच आहे.

प्लास्टिकचेच ठेवा असं माझं मत, निदान पहिल्यांदा. 144 कड्या ऐकायला जास्त वाटतात पण एकाच कामाच्या फेऱ्या लावा, एका दिवशी फक्त कापणे, दुसऱ्या दिवशी फक्त एका बाजूची खूण घासणे, असं. एक कडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत करत बसलात तर विसाव्या कडीला सोडून द्याल. लक्षात ठेवा की एक दात असलेली, एक बिनदाताची अशा आलटून पालटून आहेत, मागच्या चालक चाकात जे सहा रोलर आहेत ते ह्या दातांना धरूनच ट्रॅक ओढतात, त्यामुळे एक कडी चुकली तर चाकावर काहीच जुळणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झोळ. टी-34 ला वरच्या बाजूला ट्रॅक उचलून धरणारे छोटे रोलर नाहीतच, वरचा ट्रॅक सरळ मोठ्या चाकांवर लोळतो आणि दोन चाकांमध्ये खाली लोंबतो. तो ताणलेला दिसला की पन्नास सेंटीमीटरचं मॉडेल पण खेळणं वाटतं, मग वर कितीही फोटो-एच लावा. मेटलचे ट्रॅक स्वतःच्या वजनाने झोळ घेतात हा त्यांचा खरा फायदा. प्लास्टिकला मी असं करतो: ट्रॅक चढवला की फेंडर आणि ट्रॅकच्या मधे स्पंजचे तुकडे दाबून भरतो, जिथे झोळ हवा तिथे जाड आणि चाकावर पातळ, मग चाक जिथे ट्रॅकला टेकतं तिथे आतून पातळ सुपरग्लूचा थेंब टूथपिकने सोडतो, दुसऱ्या दिवशी स्पंज चिमट्याने ओढून काढतो. दोन बाजूंचा झोळ अगदी सारखा नसला तरी छान दिसतं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. टी-34 च्या ट्रॅकच्या पिना बाहेरून पक्क्या केलेल्या नसतात, त्यांची डोकी हलच्या बाजूला असतात आणि चालताना त्या हलकडे सरकत येतात, मग मागच्या बाजूला हलवर वेल्ड केलेली एक तिरपी पट्टी असते ती येताजाता त्या डोक्यांना आपटून पिना परत कडीत ढकलते. म्हणजे ती पट्टी घासून चकचकीत झालेली असणार. रणगाडा पूर्ण झाल्यावर ती कुणाला दिसेल न दिसेल, पण मी तिथे न चुकता चंदेरी पेन्सिल फिरवतो. बाकी चमक फक्त जमिनीला लागणाऱ्या उंचवट्यांवर आणि दातांच्या कडांवर द्या, चाकांना रबर आहे म्हणून चाकांच्या वाटेवर आरशासारखी चमक नको. आणि चालत्या रणगाड्याच्या ट्रॅकला नारिंगी गंज देऊ नका हो, गडद तपकिरी मातकट द्या.

बारीक_ब्रश

सगळे छान सांगतायत, मी फक्त रंगाचं लिहिते. 1/35 ची सवय इथे घात करते. तिथे आपण रंग बराच फिका करतो, वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) गडद देतो कारण वस्तू छोटी असते आणि सावल्या स्वतःहून पडत नाहीत. 1/16 मध्ये खऱ्या सावल्या पडतात. माझ्या रणगाड्याला मी प्रत्येक बोल्टभोवती काळा वॉश दिला आणि तो पेनाने गिरवलेल्या चित्रासारखा दिसायला लागला, शेवटी सगळा उतरवून परत केला. 4बीओ हा सोव्हिएत सैन्याचा हिरवा घ्या, त्यात थोडा फिका पिवळसर मिसळून वरच्या सपाट भागांवर एअरब्रशने ढगाळ ढगाळ मारा, हवेचा दाब 15 ते 20 पीएसआय, 0.3 मिमीचं नोझल पुरतं फक्त वेळ लागतो. वॉश तपकिरी आणि खूप पातळ, तोही फक्त खाचेत.

टरेटचा जो पोत तुम्ही एवढ्या मेहनतीने कराल तो दाखवायला ड्राय ब्रशच लागतो, लोक जुनी पद्धत म्हणून नाकं मुरडतात पण ओतीव पृष्ठभागावर त्याच्यासारखं काही नाही, ब्रशमध्ये रंग जवळजवळ नाहीच असा फिरवायचा.

रंग उडाल्याच्या खुणा करताना पण तेच सोळाचं गणित, 2 मिमीचा ठिपका म्हणजे खऱ्यात 32 मिमीचा पोपडा, असे शंभर पोपडे कुठल्या रणगाड्यावर असतात? माणसं जिथे चढतात, हॅचच्या कडा, हँडल, फेंडरचा पुढचा कोपरा, तिथेच द्या. मागे दोन्ही एक्झॉस्टभोवती डिझेलची मऊ काजळी आणि बाहेरच्या टाक्यांच्या झाकणाखाली तेलाचा चकचकीत ओघळ एवढं केलंत तरी मागची बाजू बोलायला लागते. चिखलाची माती चाळणीतून दोनदा काढा, 1 मिमीचा खडा इथे खडी होतो.

आणि संग्रहालयातले फोटो बघताना जपून. टी-34/85 युद्धानंतर पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियात पण बनले, चेक रणगाड्यांचं फिनिशिंग बरंच नीट आहे, आणि 1960 च्या दशकात दुरुस्त केलेल्यांना टी-55 सारखी चाकं लावलेली आहेत. 1944-45 चा करायचा असेल तर त्या काळातलेच फोटो धरून चला.

रणगाडा_वेडा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलंच नव्हतं. काका, तुमचं वाचून टरेटवर पेन्सिलने खुणा करायला बसलो आणि लक्षात आलं की जी रेघ मी काल घासायला घेतली होती ती खरी साच्याची रेघ होती, एका बाजूला तीनेक सेंटीमीटर गेलीय. ती आता ताणलेल्या स्प्रूचा (पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) धागा पातळ ग्लूने मऊ करून परत बसवतोय.

हलच्या आत दोन आडव्या भिंती बसल्या, मागची फट आत्ताच अर्ध्या मिमीवर आलीय, पुढचे पाच सेंटीमीटर चिकटवून क्लॅम्प लावलेत. सेट कुठलाच घेत नाही सध्या. ताई, ड्राय ब्रशचं लिहून ठेवलं. तळहाताएवढ्या टाकाऊ प्लास्टिकवर सरफेसर टोचून बघितला, पहिल्यांदा ओढला गेला, दुसऱ्यांदा जमला, उद्या ओल्या पेपरने घासून दोन्हीचे फोटो टाकतो, तेव्हा काका तुम्ही बघून सांगा दाणा फार मोठा झालाय का ते. कड्यांच्या फेऱ्या आजपासून सुरू, एका बाजूच्या 72 स्प्रूवरून कापून डब्यात ठेवल्यात.