एक्सकॉम २ : घरच्या माणसांची तुकडी तयार करतेय, मदत हवी आहे

चांदणवेल

नमस्कार मंडळी. इथे गेम खेळणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारतेय. प्रश्न एक्सकॉम २ बद्दल आहे. फिरॅक्सिसचा, २०१६ साली आलेला. माझ्याकडे २०१७ ची वॉर ऑफ द चोझन ही जोडही आहे. संगणकावर खेळते.

ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी: परग्रहावरच्या लोकांनी पृथ्वी जिंकून २० वर्षं झालीत आणि तुम्ही बंडखोरांचे कमांडर आहात. ॲव्हेंजर नावाच्या उडत्या तळावरून चार ते सहा जणांची तुकडी मोहिमेवर पाठवायची, आळीपाळीने चाली करायच्या. सैनिक मेला की गेला, त्या डावात परत येत नाही. पण प्रत्येकाचं नाव, आडनाव, टोपणनाव, देश, चेहरा, केस, चिलखताचे रंग, स्वभाव, एवढंच काय, चार ओळींचं चरित्रही आपल्याला लिहिता येतं. मला या गेममध्ये सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. गेमने आपणहून दिलेला नवशिका आणि माझ्या आत्याच्या नावाचा नवशिका, दोघांची ताकद जवळपास सारखीच असते. तरी आत्याला भिंतीचा आडोसा सोडून पुढे धाडताना हात थांबतो, आणि मग मी ती चाल नीट विचार करून खेळते.

आमची आतेमामेभावंडं आता पुणे, कोल्हापूर, बंगळूर आणि न्यू जर्सी अशी पांगली आहेत. त्यातले चौघे हा गेम खेळतात. आजी, काका, आत्या, मामी, सगळ्यांचे सैनिक एकदा मन लावून तयार करायचे आणि ते चौघांना पाठवायचे, असं माझ्या मनात आहे. मग रविवारी फोनवर बोलताना कोणाकडे कोणी काय पराक्रम केला ते सांगता येईल. कॅरेक्टर पूलमध्ये, म्हणजे आपण घडवलेली माणसं साठवायच्या गेममधल्या जागी, बसून मी बरीच माणसं तयार केली, पण घोडं अडलंय.

पहिली अडचण म्हणजे माझी माणसं खेळात येतच नाहीत. माझा डाव (सगळ्या मोहिमा मिळून होणारा अख्खा खेळ) आधीपासून चालू होता, पूलमध्ये माणसं नंतर भरली. भरतीच्या यादीत अजून परकेच दिसतात. एकच काका आले, ते चक्क शत्रूच्या बाजूचे बडे अधिकारी म्हणून. त्यांना पकडून आणायचं किंवा मारायचं, अशी मोहीम होती. हे कशामुळे झालं?

दुसरं, देवनागरीत नावं टाकली की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. म्हणून रोमनमध्ये लिहिली. पण निम्म्या तुकडीचं आडनाव एकच असल्यामुळे लढाईच्या धांदलीत कोण कोण आहे ते चटकन समजत नाही.

चेहऱ्यांचंही अवघड आहे. चार वंशगट आहेत, त्यात आपल्याकडच्या माणसांसारखा एकही वाटत नाही. आजीचा चेहरा जमता जमत नाहीये.

आणि ज्यासाठी हा धागा काढला ते शेवटी. मोठ्या ताईचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. सुट्टीत आला होता, माझ्या शेजारी बसून बघायचा. त्याने हट्ट केला म्हणून एका सैनिकाला त्याचं नाव दिलं, केस आणि रंगही त्यानेच निवडले. तिसऱ्या मोहिमेत तो सैनिक मेला. भाचा खूप रडला, रात्री जेवलाही नाही. ताई माझ्यावर रागावली नाही, पण "त्याचं नाव काढून टाक" म्हणाली. मी काढलं. आता तोच रोज फोन करून विचारतो की मावशी, मी परत कधी येणार. तुम्ही लोक घरच्यांची नावं देता का? देत असाल तर काही नियम पाळता का?

---

गडवाट

आधी तांत्रिक भाग उरकतो.

डाव सुरू होतो तेव्हाच भरतीची पहिली यादी तयार होते. नंतर पूलमध्ये घातलेली माणसं त्या यादीत शिरत नाहीत, पुढे नवे सैनिक तयार होतील तेव्हा त्यांचा नंबर लागतो. शिवाय पूलच्या वापराची तीन तऱ्हांची सेटिंग आहे: फक्त पूलमधले, फक्त गेमने बनवलेले, किंवा दोन्ही मिसळून. तुमचं 'मिसळून'वर असणार. 'फक्त पूल' करा आणि नवा डाव सुरू करा, पहिल्या मोहिमेपासून घरचेच लोक दिसतील. मात्र पूल भरपूर भरा. माणसं संपली की गेम परत आपल्या मनाची आणतो.

जुना डाव सोडायचा नसेल तर शस्त्रागारात जाऊन आहे त्या सैनिकाचं नाव आणि रूप बदला. तिथेच त्याला पूलमध्ये जतन करायचा पर्याय आहे.

काकांचं उत्तर: पूलमध्ये प्रत्येक माणसाच्या पानावर तीन खुणा असतात. सैनिक म्हणून येऊ शकतो, व्हीआयपी (सुटका करून आणायचा आपल्या बाजूचा माणूस) म्हणून येऊ शकतो, आणि शत्रूचा व्हीआयपी म्हणून येऊ शकतो. काकांच्या पानावर तिसरी खूण लागलेली असणार, ती काढा.

भावंडांना पाठवण्यासाठी पूलच्या पडद्यावर एक्स्पोर्ट करा, नव्या नावाची फाईल तयार होईल. ती डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्स फोल्डरमध्ये सापडेल: एक्सकॉमचं फोल्डर, त्यात एक्सकॉमगेम, त्यात कॅरेक्टरपूल, त्यात इम्पोर्टेबल. भावंडांनीही ती तिथेच ठेवायची आणि पूलमधून इम्पोर्ट करायची. मूळ गेमचं आणि वॉर ऑफ द चोझनचं फोल्डर वेगवेगळं आहे, तेव्हा चौघांकडे एकच आवृत्ती आहे ना ते आधी विचारून घ्या. वर्कशॉपमधल्या मॉडचे (खेळाडूंनी बनवलेल्या जादा भरीचे) कपडे किंवा केस वापरले असतील तर समोरच्याकडेही तेच मॉड लागतात, नाहीतर तुम्ही घडवलेलं रूप तिकडे तसं दिसणार नाही.

---

पाटीपेन्सिल

आडनावाचा तोडगा सोपा आहे. लढाईत बऱ्याच ठिकाणी हुद्द्यापुढे आडनावच येतं, म्हणून आडनावाच्या खान्यात नाव लिहा आणि नावाच्या खान्यात आडनाव. शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी यायचं, तसंच वाचलं जातं, त्यामुळे खटकत नाही. टोपणनावाच्या जागी घरात हाक मारतात ते लिहा: ताई, नाना, अक्का, बाळ्या.

देवनागरीचं मात्र या गेममध्ये होणार नाही. हा अनरियल इंजिनच्या तिसऱ्या पिढीवर बांधलेला आहे. फाँटमध्ये आपली अक्षरं नाहीत, आणि असती तरी काम भागलं नसतं. पहिली वेलांटी टंकताना व्यंजनानंतर येते पण दिसायला आधी लागते, जोडाक्षरांचे आकार बदलतात. ही मांडणी करणारी वेगळी यंत्रणा इंजिनात असावी लागते. नव्या इंजिनांमध्ये ती आली आहे, म्हणजे पुढेमागे कुणी मनावर घेतलं तर होईल. मी स्वतः गेम बनवणाऱ्यांना याबद्दल लिहीत असते, तुम्हीही लिहा. आपल्या नावाच्या जागी चौकोन बघायला कुणालाच आवडत नाही.

लांबीच्या बाबतीत तरी एक्सकॉम उदार आहे. १९८७ च्या पहिल्या फायनल फँटसी या गेममध्ये चार जणांची टोळी असायची आणि प्रत्येकाच्या नावाला चारच अक्षरं. रोमनमध्ये आपलं कुठलं नाव चारात बसतं?

---

चांदणवेल

गडवाट, तिसरी खूण खरंच लागलेली होती! काढली. नवा डाव सुरू केला आणि पहिल्याच तुकडीत मामी आणि दोन चुलतभाऊ आले. पाटीपेन्सिल, खान्यांची अदलाबदल छान जमली.

चेहरा आणि भाच्याबद्दल कुणी सांगेल का?

---

उंबरठा

चेहऱ्यासाठी माझा अनुभव असा, की हुबेहूब नाक-डोळे शोधत बसू नये. एवढ्या लांबून कॅमेरा असतो की ते दिसतही नाहीत. लांबून ओळखू येईल अशी एकच गोष्ट पकडा. आजींचे केस पांढरे करा, चष्मा द्या, आणि चिलखताला त्यांच्या आवडत्या लुगड्याचा रंग. चिलखताला दोन रंग आणि वर नक्षी घेता येते, काठपदराचा भास सहज होतो. त्वचेच्या छटा वंशगटाप्रमाणे ठरलेल्या असतात, तेव्हा रंग जुळेल तो वंशगट निवडा. स्वभाव बदलला की उभं राहायची ढब बदलते, ती जुळली की माणूस ओळखीचा वाटतो. आवाजात मराठी किंवा हिंदी नाही. पण सैनिक एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत, त्यामुळे परकं फारसं वाटत नाही.

नाव न उच्चारण्यामुळेच तर ही मोकळीक मिळते. २००१ च्या फायनल फँटसी १० मध्ये पहिल्यांदा पात्रं आवाजात बोलायला लागली आणि नाव बदलायची सोय जवळपास नायकापुरती उरली. त्याचं नाव आपण ठेवतो म्हणून मुख्य गोष्टीत त्याला कुणीच नावाने हाक मारत नाही. त्याआधीच्या सातव्या भागात एकेक साथीदार टोळीत आला की त्याचं नाव ठेवायचा पडदा यायचा. मला त्याची फार आठवण येते.

भाच्याबद्दल माझं स्पष्ट मत: जिथे मरण कायमचं आहे तिथे लहान मुलांची नावं देऊ नयेत. मोठ्यांना विचारून द्यावीत. मुलाला नाव ठेवायची हौस असेल तर पोकेमॉन द्या. प्रत्येक प्राण्याचं नाव ठेवता येतं, आणि लढाईत हरला तर तो बेशुद्ध होतो, मरत नाही.

---

गडवाट

उंबरठा, पोकेमॉनचं बरोबर आहे, पण त्या मुलाला वेगळा गेम नकोय. त्याला मावशीच्या तुकडीत, आजी आणि काकांबरोबर असायचंय. मागे रडला तरी तो परत यायचं म्हणतोय, याला मी किंमत देतो.

चांदणवेल, असं करून बघा. भाच्याच्या पानावर सैनिक आणि शत्रूचा व्हीआयपी या दोन्ही खुणा काढा, फक्त व्हीआयपीची ठेवा. मग तो शास्त्रज्ञ किंवा इंजिनिअर म्हणून येईल. सुटकेच्या मोहिमेत त्याला धोका असतो, ती मोहीम तुम्ही एकट्याने खेळा आणि आधी सेव्ह करून ठेवा. आयर्नमॅन हा खेळायचा प्रकार मात्र चालू ठेवू नका, त्यात जुन्या सेव्हवर मागे जाता येत नाही. एकदा तो ॲव्हेंजरवर पोचला की लढाईला जात नाही, तळावरच काम करतो. इंजिनिअर असेल तर खोल्या साफ करायला, बांधकामाला तुम्ही त्याला नेमू शकता. ते त्याला विचारून करा.

आणखी एक. सैनिक एका डावात मेला तरी पूलमध्ये तो तसाच राहतो, पुढच्या नव्या डावात परत येऊ शकतो. हे त्याला आधीच कळलं असतं तर बरं झालं असतं.

---

उंबरठा

हे मला सुचलं नव्हतं. तरी त्याच्या आईला आधी विचारा. मुलगा पुन्हा रडला तर समजूत तिलाच घालायची आहे.

---

चांदणवेल

ताईशी बोलले. व्हीआयपीची कल्पना समजावून सांगितली, सुटकेची मोहीम आधी मी एकटीने खेळेन असंही म्हटलं. तिची अट आहे की आजीचंही नाव त्याच्यासमोर लढाईत नको. ते मला पटलं. आजीलाही इंजिनिअरच करते, म्हणजे दोघं एकाच तळावर असतील. भाच्याला फोनवर विचारलं तर म्हणाला की मला शास्त्रज्ञ नको, इंजिनिअर कर, मी खोल्या बांधणार.

पण व्हीआयपी शास्त्रज्ञ होणार की इंजिनिअर, हे आपल्या हातात असतं का?

---

गडवाट

त्यासाठी मोहिमेचं बक्षीस बघायचं. सुटकेच्या मोहिमेला निघण्याआधी बक्षीस म्हणून शास्त्रज्ञ मिळणार की इंजिनिअर ते दाखवतात. पूलमधून नेमका कोण येईल ते मात्र गेम ठरवतो. म्हणून बाकी सगळ्यांच्या पानावरची व्हीआयपीची खूण काढून टाका, फक्त आजी आणि भाच्याची ठेवा. मग निवडायला दोघंच उरतात. शास्त्रज्ञाच्या मोहिमेत भाचा आला तर मागची सेव्ह उघडून इंजिनिअरवाली मोहीम घ्या.

वॉर ऑफ द चोझन आहे म्हणून सांगतो, मोहीम संपल्यावर सैनिकांचं पोस्टर बनवता येतं. मामी आणि चुलतभावांचं बनवा आणि घरच्या ग्रुपवर टाका.