एम ८३ चे गुलाबी ठिपके फोटोत का येत नाहीत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा. चित्रेच्या बऱ्याच खाली, वासुकी तारकासमूहाच्या शेपटाजवळची एम ८३ ही सर्पिल दीर्घिका सध्या टिपतोय. विसाव्या शतकात तिच्यात सहा सुपरनोव्हा (ताऱ्यांचे महास्फोट) दिसले, एवढी तिथे ताऱ्यांची धामधूम! युरोपातले लोक तिच्यासाठी क्षितिजाशी झगडतात, आपल्याकडे ती चांगली ४० अंश वर येते.

सहा इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), एफ/५, साधा डीएसएलआर कॅमेरा. हरसूल रस्त्याला अंधार बरा असतो, पण संध्याकाळी ती शहराच्या उजेडाच्या बाजूला असते. म्हणून मेच्या मध्यात साडेदहानंतर, ती दक्षिणेला आली की शूटिंग सुरू करतो.

मधली पट्टी आणि भुजा दिसतात. भुजांमधले नवे तारे जन्मतात ते हायड्रोजनचे गुलाबी पुंजके मात्र राखाडी डाग होऊन येतात. ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश कॅमेऱ्यातला फिल्टरच बराचसा अडवतो, हे माहीत आहे. मग कॅमेरा मॉडिफाय करून (म्हणजे तो फिल्टर बदलून) घ्यावा, की ड्युअल-बँड फिल्टर (प्रकाशाचे दोनच ठरावीक पट्टे आत सोडणारा) पुरेल? त्या फिल्टरने भुजांचा निळा रंग मरेल अशी धास्ती वाटते. नुसता एक्स्पोजर वाढवून भागत असेल तर उत्तमच, खिसा वाचेल.

कुणी दोन्ही करून पाहिलंय का? जमल्यास एका सबची (एकत्र जोडायच्या फोटोंपैकी एका सुट्या फोटोची) सेटिंग्जही सांगा.