'यजमान तारा' आणि त्याची 'सक्रियता': हे शब्द चालतील का?

पंचवटीकर:
बारावीच्या मुलांसाठी परग्रहांवर एक टिपण लिहितोय, दोन शब्दांपाशी अडलंय. पहिला 'यजमान तारा', म्हणजे ग्रह ज्याच्याभोवती फिरतो तो. छापून येतो हा शब्द, पण आमच्याकडे रामकुंडावर यजमान म्हणजे गुरुजींसमोर पूजेला बसलेला माणूस, आणि घरात आई 'आमचे यजमान' म्हणते ते बाबांना. दुसरा 'सक्रियता'. ताऱ्याची सक्रियता म्हटलं की मुलांना वाटतं आतलं हायड्रोजनचं इंधन जोरात जळतंय. मला म्हणायचंय वेगळंच, चुंबकीय क्षेत्रामुळे पृष्ठभागावर पडणारे डाग, उठणाऱ्या ज्वाला, क्ष-किरण हे सगळं. काय सुचवाल?

सिन्नरहून:
यजमान राहू द्या हो, उलट इथे तो फारच चपखल बसतो. पाहुणा दारात तळ ठोकून बसला की यजमानाची जी तारांबळ उडते तेच या ताऱ्यांचं होतं. आपला गुरू सूर्याभोवती फिरायला जवळजवळ १२ वर्षं घेतो, म्हणून तर आपल्याकडे सिंहस्थ १२ वर्षांनी येतो, आणि १९९५ मध्ये मेयर आणि केलोझ या खगोलशास्त्रज्ञांना ५१ पेगासी ताऱ्याभोवती जो ग्रह सापडला तो गुरूच्या साधारण निम्म्या वस्तुमानाचा असून सव्वाचार दिवसांत फेरी पुरी करतो! एवढा मोठा ग्रह एवढा जवळ आला की त्याच्या ओढीने ताऱ्यावर भरती येते, म्हणजे तारा थोडा फुगतो, आणि दोघांची चुंबकीय क्षेत्रंही एकमेकांत गुंततात. सक्रियतेला मात्र 'चुंबकीय' हे विशेषण जोडाच, निदान पहिल्यांदा येईल तिथे तरी.

गंगापूररोड:
वरच्याशी सहमत, फक्त भरती आणि चुंबकत्व एका दमात सांगू नका, मुलांना फरक कळायला हवा. भरतीचा फुगवटा ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना येतो, त्यामुळे तिचा परिणाम ग्रहाच्या एका फेरीत दोनदा दिसायला पाहिजे, चुंबकीय असेल तर एकदाच. एचडी १७९९४९ या ताऱ्यावर २००३ मध्ये जाहीर झालेलं निरीक्षण बघा, ताऱ्याच्या वर्णपटातल्या कॅल्शियमच्या जांभळ्या रेषांमधली चमक (ही चुंबकीय सक्रियतेची खूण) ग्रहाच्या ३.०९ दिवसांच्या फेरीबरोबर एकदाच वाढत होती, म्हणून संशय चुंबकत्वावर गेला. आणि गंमत म्हणजे निरीक्षणाच्या काही हंगामांत ही चमक दिसली, काहींत गायब! म्हणून 'सक्रियता वाढते' असं सरसकट लिहू नये असं माझं ठाम मत आहे. वास्प-१८ या ताऱ्याचा ग्रह गुरूच्या दहापट वस्तुमानाचा, फेरी एका दिवसापेक्षाही कमी वेळात, आणि तरी त्या ताऱ्याकडून क्ष-किरण जवळजवळ दिसतच नाहीत. शिवाय सक्रिय ताऱ्यांभोवतीचे छोटे ग्रह ताऱ्याच्या स्वतःच्या डाग-ज्वालांच्या गोंधळात सापडतच नाहीत, मोठे आणि जवळचेच हाती लागतात, मग दोन्हींचा संबंध आहे असं उगाच वाटायला लागतं.

सिन्नरहून:
बरोबर, पण २०२५ मधलं एचआयपी ६७५२२ चं उदाहरण सोडू नका. तारा जेमतेम १.७ कोटी वर्षांचा, आकाराने गुरूएवढा ग्रह सात दिवसांत फेरी मारतो, आणि ग्रह ताऱ्यासमोरून जातो त्या सुमारास ज्वाला जास्त दिसतात. ज्वालांचा मारा परत त्या ग्रहाच्याच वातावरणावर.

पंचवटीकर:
मग वाक्य असं करतो: 'जवळून फिरणाऱ्या महाकाय ग्रहाचा यजमान ताऱ्याच्या चुंबकीय सक्रियतेवर परिणाम होऊ शकतो.' 'वाढते' काढलं. आता राहिली 'ज्वाला'. तिथे खरं तर काही जळत नाही, चुंबकीय ऊर्जा एकदम मोकळी होते, म्हणून मला 'भडका' जवळचा वाटतो. पण 'सौरज्वाला' पुस्तकांत रुळलाय.

गंगापूररोड:
ज्वालाच ठेवा. भडक्यातही जळणं आलंच की, आणि मुलं उद्या दुसरं पुस्तक उघडतील तेव्हा त्यांना तोच शब्द भेटला पाहिजे.